आमचे हे आणि मुंगीचे पोहणारे उंदीर

माझी लेक उंदरांना पोहायला लावते. ते तिचं काम आहे. हे कुणाला सांगितलं की समोरचा आधी हसतो आणि मग माझ्याकडेच काळजीनं बघतो. म्हणून पहिल्यापासून सांगते, पण मध्ये कुणी तोंड घालायचं नाही.

लेकीला आम्ही मुंगी म्हणतो. लहान असताना ती एकदा अख्खी दुपार अंगणात एका मुंगीच्या मागे उकिडवी बसली होती. जेवायला हाका मारल्या तर म्हणाली, "थांब ना आई, ती अजून पोचली नाही." आज चाळिशी उलटली, केस पिकले, चष्मा बाटलीच्या बुडासारखा झाला, तरी हिचं तेच. लग्नाचं विचारलं की म्हणायची, "एवढा प्रयोग संपू दे." प्रयोग कसला संपतोय! एक संपायच्या आत दुसऱ्याला पालवी फुटलेली असते. मीही मग नाद सोडला.

ती काम करते अल्झायमरवर. चष्मा कुठे ठेवला ते विसरणं वेगळं, ते मीही विसरते. चष्मा कशासाठी असतो तेच विसरायचं, असला तो आजार. मी लोकरीच्या दुकानात काम करते, म्हणून तिनं मला ते लोकरीतूनच समजावलं. मेंदूतल्या पेशींच्या कडेला एका प्रथिनाचा लांब धागा असतो. त्याला कापणाऱ्या कात्र्याही तिथेच असतात. त्या कात्र्यांतली एक भलत्या ठिकाणी कापते, मग एक आखूड चिकट तुकडा सुटतो. असे तुकडे एकमेकांना चिकटून पेशींच्या मधल्या जागेत गुठळ्या होतात, पेशींच्या आत दुसऱ्याच एका धाग्याचा गुंता होतो, आणि हळूहळू ह्या पेशीचा निरोप त्या पेशीला पोचेनासा होतो. मुंगीचं सगळं आयुष्य त्या भलत्या ठिकाणी कापणाऱ्या कात्रीत गेलं. ती अडकवून ठेवणारं औषध ती शोधत होती. मी म्हटलं, "न दिसणाऱ्या कात्रीच्या मागे जन्म घालवलास, माझी शिवणाची कात्री हरवते ती कधी शोधून दिलीस का?" तर म्हणाली, "ती फ्रीजवर आहे." होतीही तिथेच.

आता ह्यांच्याबद्दल. हे जमीन मोजणाऱ्या खात्यात होते. साहेब लांब तिपाईवर दुर्बीण लावून बसायचा आणि हे पार दुसऱ्या टोकाला उंच पट्टेरी पट्टी धरून उभे. दुर्बिणीतून ती पट्टी वाचायची आणि जमिनीचा चढउतार काढायचा, असं ते काम. पट्टी सरळ धरायची आणि हलायचं नाही, माशी नाकावर बसली तरी नाही. साहेब लांबून हात करायचा, जरा डावीकडे, जरा उजवीकडे, बस. नोकरीभर ह्यांनी हेच केलं आणि त्याचा ह्यांना कोण अभिमान! "अगं, ह्या गावातला प्रत्येक रस्ता माझ्यावरून मोजलाय," असं ते म्हणायचे. मी म्हणायची, "तुमच्यावरून गेला नाही हे नशीब."

अशा माणसालाच तो आजार झाला. लेक ज्याच्या मागे जगभराचे कागद उपसत होती, तो गुपचूप आमच्या बाहेरच्या खोलीत येऊन बसला. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, तो हाच. पण असला कळसा कुणाच्या काखेत नको गं बाई.

हे संध्याकाळी फिरायला जायचे. एक दिवस परत आलेच नाहीत. मी दारोदार विचारत सुटले, तर मागच्या गल्लीतल्या एका घरात हे आरामखुर्चीत चहा पीत बसलेले! दार आमच्या दारासारखंच निळं होतं, हे सरळ आत गेले आणि बसले. घरातल्या बाईंना वाटलं नवऱ्याकडचे काका आले, नवऱ्याला वाटलं बायकोकडचे मामा. विचारायची दोघांनाही चोरी. दोघंही भीत भीत पाहुणचार करत होते. मला बघून हे म्हणाले, "अगं, ये, बस. माणसं फार चांगली आहेत."

हसले मी तेव्हा. घरी आल्यावर मात्र आमच्या निळ्या दाराकडे बघत पायरीवरच बसून राहिले.

डॉक्टर म्हणाले, दाराला कुलूप लावा. मुंगी दुसऱ्या दिवशी कुलूप घेऊन आली, चांगलं मजबूत. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "जन्म उघड्या माळावर उभं राहून काढलेला माणूस, त्याला कोंडू? त्यापेक्षा मला कोंड!" ती शांतपणे म्हणाली, "आई, पुढच्या वेळी ते आरामखुर्चीत सापडतीलच असं नाही." खरं होतं ते. मी ते कुलूप खोक्यासकट फडताळाच्या वरच्या फळीवर ठेवलं आणि म्हटलं, "तू तुझं औषध शोध. तोवर बघू." ती म्हणाली, "शोधतेच आहे." घरात एवढीच एक शर्यत चालली होती, औषध आधी की कुलूप आधी.

संध्याकाळी फिरायला आता मी सोबत जायला लागले. प्रश्न होता सकाळचा. सकाळी मी दुकानात. मग मुंगी ह्यांना आपल्याबरोबर प्रयोगशाळेत घेऊन जायला लागली, दुपारी जेवायला घरी आणून सोडायची.

तिथे एका खोलीत मोठा गोल हौद आहे. पाणी मुद्दाम पांढरं गढूळ केलेलं. त्या पाण्याच्या जेमतेम खाली एक छोटा पाट लपवलेला असतो. भिंतींवर त्रिकोण, गोल, चौकोन चिकटवलेले. उंदीर पाण्यात सोडायचा. तो पोहतो, धडपडतो, अचानक पाट पायाला लागतो, मग चढून बसतो. शहाणा उंदीर त्रिकोण-चौकोनांवरून हिशेब लावून पुढच्या वेळी थेट पाटावर जातो. मुंगीच्या उंदरांना मात्र माणसाच्या ह्या आजाराचं बी जन्मापासून दिलेलं, ते बिचारे रोज नव्यानं गोल गोल फिरतात.

त्यांच्या दोन टोळ्या होत्या. एकीला औषध, दुसरीला नुसतं पाणी. कोणाला काय, ते खुद्द मुंगीलाही माहीत नसायचं, फक्त तिच्या संस्थेच्या मोठ्या बाईंना. माहीत असलं की म्हणे मन आपल्या लाडक्या उंदराकडे झुकतं. खरं तर दोन्ही टोळ्या मिसळून पोहायला सोडायच्या असतात. पण एका टोळीचे पिंजरे उजव्या कपाटात, दुसरीचे डाव्या, आणि उजवीकडचे दुपारी धुवायला जायचे, म्हणून ते उंदीर सकाळी, आणि डावीकडचे दुपारी, असं सोयीनं पडत गेलं.

सकाळी हे हौदाच्या पलीकडे खुर्चीत बसायचे. बसायचे म्हणजे कसे? ताठ, हात गुडघ्यांवर, नजर समोर. खात्यातली सवय. अंगात मी विणलेला स्वेटर. दुकानात काळी आणि पांढरी लोकर उरली होती, जाड सुया घेतल्या आणि हातभर रुंद पट्टे घातले. मुंगी म्हणाली होती, "आई, रस्ता ओलांडायला आखतात तसं केलंस बाबांना." ह्यांना मात्र तो भारी आवडला. "अगदी माझ्या पट्टीसारखा!" म्हणून त्यांनी जो अंगात घातला तो काढायचं नाव नाही.

बाहेरच्या माणसाला त्या खोलीत मनाई आहे. मुंगी पहिल्याच दिवशी मोठ्या बाईंची परवानगी मागणार होती. पण गेटवरच्या पहारेकऱ्यानं ह्यांना बघितलं, तो ताठ कणा, ती न हलणारी नजर, आणि खाडकन सलाम ठोकला. दुपारपर्यंत सगळीकडे झालं, वरून तपासणीला कुणीतरी आलंय. बोलत नाहीत, नुसतं बघतात. म्हणजे फारच वरचे! पिंजरे लखलखीत धुतले जायला लागले. माणसं वेळेवर यायला लागली. मोठ्या बाई स्वतः बिस्किटं घेऊन आल्या आणि संस्थेच्या कामाचा जाडजूड अहवाल ह्यांच्या हातात दिला. ह्यांनी तो उलटा धरून बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "ठीक आहे." बाई दिवसभर तरंगत होत्या. मुंगी खोटं बोलली नाही हो. ती नुसती मूग गिळून गप्प बसली.

आणि मग चमत्कार झाला. सकाळचे उंदीर थेट पाटावर जायला लागले. ना फिरणं, ना धडपड. सोडले की सरळ रेघ आणि पाट. दुपारचे आपले तसेच, गोल गोल. मोठ्या बाईंनी कोणत्या कपाटाला काय ते उघड केलं, तर सकाळची टोळी औषधवाली! मुंगी त्या दिवशी घरी आली आणि दारातच मला मिठी मारली. ही मुलगी शाळेत पहिली आली तेव्हाही मिठी मारत नव्हती. मोठ्या बाई तर म्हणाल्या, पुढल्या परिषदेत जाहीरच करून टाकू, उंदरांच्या मेंदूचे काप करून गुठळ्या बघणं वगैरे मागाहून करता येईल.

मी म्हटलं, "मुंगे, चिमूटभर पुडीत बांधून आण."

"आई, असं नाही करता येत. उंदीर म्हणजे माणूस नव्हे."

"ह्यांच्याशी संसार मी केलाय. बिस्किटाचा वास आला की कसे धावतात बघ, आणि मग मला फरक सांग."

"आणि विष ठरलं तर?"

"आणि कुलूप काय अमृत आहे?"

 मी तिच्याशी धड बोललेच नाही नंतर कितीतरी दिवस. औषध आहे, लेकीच्या हातात आहे, आणि नवरा रोज थोडा थोडा पुसला जातोय. आदल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं होतं, "अगं, आपलं घर कोणतं?" आम्ही घरातच बसलो होतो. मला त्या मुलीचा राग येत होता आणि त्या रागाचीही लाज वाटत होती.

राग आला की मी धुणं काढते. त्या दिवशी तो स्वेटर माझ्या तावडीत सापडला. चहाचे डाग, बिस्किटांचा चुरा, वर उंदरांचा वास. हे आंघोळीला गेले तेवढ्यात बादलीत बुडवला. त्यात काय गुन्हा केला मी? ह्यांना राखाडी कोट घालून पाठवून दिलं.

त्या सकाळी औषधवाले उंदीर गोल गोल फिरले.

मुंगीच्या तोंडचं पाणी पळालं. औषध तपासलं, हौदातलं पाणी तपासलं, दिवे तपासले. दुसऱ्या दिवशी तेच. हवा दमट, लोकर काही वाळेना, उंदीर काही पोचेनात. मग एकदाचा स्वेटर वाळला, हे पट्टे घालून खुर्चीत बसले, आणि पहिला उंदीर सरळ पाटावर!

दुसरी कुणी असती तर देवाचे आभार मानून गप्प बसली असती. ही मुंगी. हिनं ह्यांना बाहेर बाकावर बसवलं आणि नुसता स्वेटर खुर्चीला अडकवला. उंदीर सरळ आला. मग खुर्ची उचलून हौदाच्या दुसऱ्या बाजूला ठेवली. उंदीर दुसऱ्या बाजूला गेला. तिथे पाट कुठला? तो बिचारा स्वेटरकडे बघत तिथेच हातपाय मारत राहिला. मुंगी म्हणाली, त्याच्या तोंडावर अगदी फसवल्यासारखा भाव होता.

घरी येऊन तिनं मला खुर्चीवर बसवलं आणि सांगितलं. "आई, औषधानं काहीच झालं नव्हतं. पाट बाबांच्या खुर्चीसमोरच होता, ते बाबांकडे बघून पोहत होते. दुपारच्यांना बाबा दिसत नव्हते, एवढाच फरक."

 मी म्हटलं, "म्हणजे माझा स्वेटर?"

"तुझा स्वेटर."

मी रडले. सरळ सांगते, त्या उंदरांना, त्या हौदाला, त्या लोकरीला शिव्या देऊन रडले. आणि हे माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "अगं, असू दे. मोजणी चुकली की परत करायची असते."

मुंगीनं मान वर करून बापाकडे बघितलं. मग म्हणाली, "बाबा, बरोबर आहे तुमचं."

मोठ्या बाईंकडे आम्ही तिघं गेलो. मुंगीनं सगळं सांगितलं. बाईंनी सगळं ऐकलं आणि पहिला प्रश्न काय विचारावा?

"म्हणजे हे वरून आलेले नाहीत?"

"नाही. माझे बाबा आहेत."

"पण मी ह्यांना अहवाल दिला! ह्यांनी ठीक आहे म्हणून सांगितलं!"

"ते सगळ्यालाच ठीक आहे म्हणतात हो," मी म्हटलं. "माझ्या स्वयंपाकालाही म्हणतात."

बाई कपाळाला हात लावून बसल्या. मग दार लावून घेतलं आणि आवाज खाली आणला. परिषद तोंडावर आली होती. खोलीतली एक खूण म्हणून स्वेटरची नोंद केली तर? कोण विचारतंय? मुंगीनं नुसती मान हलवली. म्हणाली, "पुन्हा करू. दोन्ही टोळ्या, बाबा असताना आणि बाबा नसताना." बाई म्हणाल्या, "अहो, तुमची इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात जाईल!" मुंगी म्हणाली, "ती पाण्यातच आहे."

पुन्हा करायचं तर ह्यांना रीतसर आत घ्यायला हवं. समिती बसली. मी दाराबाहेर बसून सगळं ऐकत होते, कारण एकेकाचे आवाज काय चढले होते! पाहुणा म्हणावं तर पाहुण्यांना मनाई. नोकर म्हणावं तर वय उलटलेलं. मग एक जण म्हणाला, प्रयोगात वापरला जाणारा सजीव, म्हणजे प्राणी. दुसऱ्यानं विचारलं, मग पिंजऱ्याचा आकार काय घ्यायचा? त्यावर बराच खल झाला. पिंजरा न परवडणारा निघाला. शेवटी ठरलं, साधन. खुर्ची, दिवा, हौद, तसे हे. लगेच भांडारप्रमुख साधनाचा क्रमांक लिहिलेलं डिंकाचं चिटोरं घेऊन आले आणि ह्यांच्या छातीवर, पांढऱ्या पट्ट्यावर नीट बघून, चिकटवून गेले. ह्यांनी ताठ उभं राहून ते लावून घेतलं. खात्यातून निवृत्त होताना कुणी साधं फूल लावलं नव्हतं ह्यांना.

तेव्हापासून नियम लागू झाले. साधन संस्थेबाहेर नेताना सही करायची. दुपारी न्यायला आता मीच जायची, आणि सही करून नवरा सोडवून आणायची. भांडारप्रमुख विचारायचे, "चालू स्थितीत मिळालं ना?" मी म्हणायची, "लग्नात मिळालं होतं त्याहून बरं आहे." एकदा तर ते सुट्टीच्या दिवशी आमच्या घरी येऊन उभे राहिले, साधन जागेवर आहे का बघायला. हे न्हाणीघरात होते. ते गृहस्थ थांबले, बघितलं, यादीत खूण केली आणि चहा घेऊन गेले. स्वेटर धुवायचा तर दोन दिवस आधी कळवायचं, असंही फर्मान निघालं. माझ्या घरातलं धुणं आता समिती ठरवणार!

निकाल लागायचा तोच लागला. हे समोर असले की औषधवाला काय आणि पाणीवाला काय, सगळे उंदीर सरळ पाटावर. हे नसले की सगळे गोल गोल. मग मेंदूचे काप झाले, रंग दिला, आणि मुंगीनं मला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. जुन्या स्वेटरवर लोकरीचे बारीक गोळे येतात ना, तसे गोळे दिसत होते जिकडेतिकडे. दोन्ही टोळ्यांत सारखेच.

"हे खुडून नाही टाकता येत?" मी विचारलं.

"तेच तर शोधतेय, आई."

तिचा आवाज कसानुसा झाला होता. इतकी वर्षं गेली होती तिची त्यात. मी तिच्या केसांवरून हात फिरवला. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावूनच विचारलं, "पण मग त्यांना एवढं तरी कसं जमलं? आजार तर होताच ना."

ती म्हणाली, "जागेचा नकाशा डोक्यात ठेवणारा भाग आधी जातो. कोपऱ्यातला त्रिकोण, समोरचा गोल, ह्यावरून हिशेब लावणं त्यांना जमत नाही. पण जिथे पोचायचं तिथेच काहीतरी मोठं, ठळक, रोज त्याच जागी दिसलं, की नुसतं त्याच्याकडे जायचं. ते बरेच दिवस जमतं." मग चष्मा पुसत म्हणाली, "नकाशा जातो, खूण राहते."

ती कापांकडे वळली. मी मात्र तिथून उठले ती थेट दुकानात गेले. काळी लोकर होती, पांढरी मागवावी लागली. जाड सुया काढल्या. हातभर रुंद पट्टे.

आमची गल्ली मोठ्या रस्त्याला मिळते तिथे दिव्याचा खांब आहे. स्वेटर झाला त्या संध्याकाळी ह्यांना मी दारातून एकटं फिरायला सोडलं. मुंगी लांबून मागे मागे, झाडांच्या आडून, आणि मी पट्ट्यांचा स्वेटर घालून खांबापाशी उभी. येणारेजाणारे बघून हसत होते. हसू देत. फिरून परत येताना हे रस्त्याच्या त्या टोकाला दिसले. थांबले. इकडे बघितलं, तिकडे बघितलं.  मग त्यांना पट्टे दिसले आणि हे सरळ रेघेत चालत आले. जवळ येऊन म्हणाले, "अगं, इथे काय करतेस?" माझा जीव भांड्यात पडला. मुंगी झाडामागे नाक पुसत होती.

मग रोजचंच झालं. तोच खांब, तीच वेळ, तोच स्वेटर, उन्हाळ्यातसुद्धा. घामाच्या धारा लागायच्या, पण हलायचं नाही. दुकानाच्या मालकीणबाई म्हणाल्या, वेड लागलंय तुम्हाला. मी म्हटलं, "एकाला विसरण्याचं लागलंय, एकीला उंदरांचं, मीच काय घोडं मारलंय?" कुलूप खोक्यातच राहिलं.

मुंगीनं सगळं जसंच्या तसं लिहून छापलं, औषध लागू पडत नाही आणि का पडल्यासारखं दिसलं. साधनांत हौद आहे, दिवे आहेत, आणि "एक पट्टेरी स्वेटर, संशोधिकेच्या आईने विणलेला, आत संशोधिकेचे वडील" असंही आहे. मोठ्या बाई परिषदेला गेल्या नाहीत, पुष्कळ दिवस रुसून होत्या. मुंगीनं कात्री अडकवायला दुसरा रेणू धरलाय. आता दोन्ही टोळ्या मिसळून पोहतात. मी विचारते, काय गं, कुठवर? ती म्हणते, अजून पोचले नाही.

हे मात्र रोज पोचत होते. एका संध्याकाळी असेच रस्त्याच्या टोकाला दिसले. पण अर्ध्या वाटेत थांबले. माझ्याकडे तोंड करून उभे राहिले, एक डोळा मिटला, आणि हात उचलून हलवला. जरा डावीकडे.

मला आधी कळेना. मग कळलं. मी जरा डावीकडे सरकले.

पुन्हा हात. थोडं उजवीकडे. मी सरकले. मग त्यांनी हात खाली सोडला. बस.

मी श्वास रोखून उभी. ते सावकाश चालत आले, माझ्यासमोर थांबले, पट्टे वरपासून खालपर्यंत वाचले. मग माझ्या तोंडाकडे बघितलं. ओळखीचं काही नव्हतं त्या बघण्यात, भलं मात्र होतं.

"बाई, फार छान उभ्या राहिलात," ते म्हणाले. जन्मात कधी मला बाई म्हणाले नव्हते. "मी पण हेच काम केलं. इतकं स्थिर उभं राहणं सगळ्यांना नाही जमत. कुणी शिकवलं?"

"आमच्या ह्यांनी," मी म्हटलं.

"त्यांना म्हणावं, माणूस पारखून घेतलात."

"सांगते हं," मी म्हटलं. "चला, घर इथेच आहे. चहा घेऊ."

ते म्हणाले, "ठीक आहे," आणि माझ्या पट्ट्यांच्या मागोमाग घरी आले.